आधी खुर्ची ओढून बसा : अपंगत्वाचे फोटो आणि गोष्टी करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

माझे लहानपणीचे दोनच फोटो शिल्लक आहेत. दोन्ही १९८१ सालचे, मी नऊ वर्षांची असतानाचे.

पहिल्यात मी मांडवातल्या व्यासपीठावर उभी आहे. ते साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलं होतं आणि ठिकठिकाणी कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला बांधायचा आधार, वाटण्याची शिबिरं भरत होती. पोलिओमुळे माझा डावा पाय लुळा, म्हणून यादीत माझंही नाव. प्रमुख पाहुण्यांचा हात माझ्या डोक्यावर आहे आणि माझी मान खाली आहे, कारण नव्या कॅलिपरचा पट्टा मांडीला काचत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. फोटो छापून आला तेव्हा खाली ओळ होती : ‘दुर्दैवी बालिकेच्या चेहऱ्यावर हसू फुलले.’ फोटोत माझा चेहरा दिसतच नाही.

दुसरा सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावरचा. माझ्या चुलतभावाने, दादाने, क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेला. रोलमध्ये बारा फोटो यायचे, त्यातला एक त्याने माझ्यावर खर्च केला. कॅलिपर काढून भिंतीला टेकवून ठेवलंय, समोर चिंचोक्यांचा ढीग आहे आणि मी शेजारच्या मुलीशी कडकडून भांडते आहे. फोटो काढायला दादा अंगणातल्या फरशीवर मांडी घालून बसला होता.

दोन्ही फोटोंत तोच पाय आणि तेच कॅलिपर. दुसरा माझ्या घरात भिंतीवर आहे, पहिला कपाटातल्या फायलीत. गेली काही वर्षं मी स्वतः लोकांचे फोटो काढते, त्यांच्या गोष्टी लिहून घेते. कॉलेजची मुलं विचारायला येतात, ‘ताई, दिव्यांग व्यक्तींवर प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?’ त्यांना मी हे दोन फोटो दाखवते आणि पुढचं सगळं सांगते.

एक वाक्य लिहा, त्यात अपंगत्व नको

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. वहीत एक वाक्य लिहा : ही गोष्ट कोणाची आणि कशाची. अट अशी की त्या वाक्यात अपंगत्वाचा उल्लेख येता कामा नये. ‘कोथरूडमध्ये शिकवण्या घेणारे सर, ज्यांना फळ्यावरच्या गणितापेक्षा तोंडी गणितं जास्त आवडतात.’ ‘आईशी पटेना म्हणून कर्वेनगरला वेगळी खोली घेतलेली मुलगी.’ ‘मार्केट यार्डात पहाटे फुलांचा भाव ठरवणारा माणूस.’ असं वाक्य सुचत नसेल तर त्या माणसाची तुमची अजून ओळखच झालेली नाही. ओळख होईपर्यंत थांबा.

अपंगत्व लपवायचं नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्याच्या जागी येईलच. सर अंध आहेत हे कळल्यावर तोंडी गणिताचा अर्थ बदलतो, पण तोवर वाचणाऱ्याने सरांना शिक्षक म्हणून पाहिलेलं असतं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग व्हीलचेअर वापरायच्या. २०१२ मध्ये त्यांनी ‘प्रेरणादायी’ फोटोंवर सडेतोड लिहिलं आणि २०१४ मधल्या एका भाषणात ते पुन्हा मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अपंग माणसाच्या साध्या जगण्याचं कौतुक करून इतरांना ‘बघा, याला जमतं, मग तुम्हाला काय झालं?’ असं सुनावणं म्हणजे त्या माणसाला वस्तू करणं. आपल्याकडे सकाळच्या सुप्रभात संदेशांबरोबर असे फोटो रोज फिरतात. दयेचा फोटो लोकांना चटकन खटकतो. प्रेरणेचा खटकत नाही, म्हणून नवखे बहुतेक वेळा तिथेच चुकतात.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्णपदक. बहुतेक लेख गोळ्यांवरून थेट पदकावर उडी मारतात. मधली सात वर्षं कुठे गेली? मूळचा बॉक्सर पाण्यात उतरला तेव्हा खांद्यांनी काय नवं शिकलं? आणि पद्मश्री मिळायला २०१८ साल का उजाडलं? सेहेचाळीस वर्षं एक देश आपल्या विजेत्याला विसरतो, ही गोष्ट पेटकरांच्या पायांची नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे आणि ती कोणीतरी नीट लिहायला हवी.

कोणाला भेटायचं

अपंगत्व म्हटलं की नवख्यांच्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर येते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९ लाखांवर. त्यांतले बरेच तुमच्या शेजारून जातात आणि तुम्हाला कळतही नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. त्यात थॅलेसेमिया आहे, रक्त लवकर न गोठणारा हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार आहेत, अॅसिड हल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती आहेत. न दिसणाऱ्या अपंगत्वाचा फोटो कसा काढायचा, हा या कामातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे. हिमोफिलिया असलेल्या एका मुलाने त्याचं उत्तर मला स्वतःच दिलं होतं. त्याच्या घरी टेबलांचे सगळे कोपरे जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी गुंडाळलेले होते. तो म्हणाला, ‘माझा नको, यांचा काढ.’

सुरुवात घरातून करा. अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकलेली मावशी, श्रवणयंत्र खिशात ठेवणारे आजोबा. त्यांना तुम्ही आधीच ओळखता, म्हणून खोटा फोटो निघाला तर तुम्हालाच तो पहिल्यांदा खटकेल.

संस्थेत जायचंच तर पुण्यासारखं शहर नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं, खडकीचं पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळं पडलेल्यांचं, पुनर्वसन केंद्र १९७४ चं, कोरेगाव पार्कची अंधशाळा तर १९३४ ची. महायुद्ध आणि लष्करी छावण्यांमुळे इथे जखमी सैनिकांची काळजी घेण्याची जुनी परंपरा आहे. पण संस्थेने फोटोची परवानगी दिली म्हणजे तिथल्या माणसाने दिली असं होत नाही. ‘सर हो म्हणाले’ एवढ्यावर शंभर मुलांचे फोटो काढून नेणारे पाहुणे मी पाहिलेत. आणखी एक सांगते, ३ डिसेंबरला जाऊ नका. त्या जागतिक दिनी प्रत्येक संस्थेत फुगे, भाषणं आणि कॅमेरे असतात. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी जा.

पहिली भेट, कॅमेऱ्याविना

या टप्प्यावर घाई करू नका. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, पहिली भेट होत नाही.

जागा समोरच्याला ठरवू द्या. तुम्ही सुचवणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा. पुण्यातल्या बऱ्याच उपाहारगृहांना दारातच पायऱ्या असतात आणि फोनवर मालक म्हणतो, ‘दोनच तर पायऱ्या आहेत!’ व्हीलचेअरला दोन पायऱ्या म्हणजे भिंतच. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात, त्यातूनही खुर्ची जात नाही. माझ्या ओळखीतले कित्येक जण हल्ली मेट्रो स्टेशनलाच भेटतात, कारण तिथे लिफ्ट असते, फरशी सपाट असते आणि पांढरी काठी वापरणाऱ्याला स्पर्शपट्टी सापडते. स्टेशनात फोटो काढायचे तर मात्र आधी परवानगी विचारा. शौचालय वापरता येण्याजोगं आहे का, हेही पाहून ठेवा. हे कोणी संकोचाने विचारणार नाही आणि दोन तास पाणी न पिता बसून राहील.

गेलात की पहिलं काम, खुर्ची ओढून बसा. व्हीलचेअरवरच्या माणसाशी उभ्याने बोललात तर त्याला तासभर मान वर करून बोलावं लागतं. त्याच्या खुर्चीला टेकू नका, पिशवी अडकवू नका. ती खुर्ची त्याच्या अंगाचाच भाग समजा. अंध व्यक्तीला स्वतःचं नाव सांगून बोलायला लागा आणि उठून जाताना सांगून उठा, नाहीतर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. रस्ता ओलांडताना हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. बोलणं अडखळत येत असेल तर वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. कळलं नाही तर मान डोलवू नका, पुन्हा विचारा. पुन्हा विचारल्याचा राग आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. न कळता हसणाऱ्याचा राग मात्र सगळ्यांना येतो.

माझी एक चूक सांगते, ती अजून सलते. एका कर्णबधिर तरुणाची गोष्ट करायला मी हडपसरला गेले होते. त्याची आई छान बोलत होती, मी तासभर तिच्याशीच बोलले आणि तो शेजारी बसून राहिला. निघताना त्याने माझ्या वहीत लिहिलं, ‘माझी गोष्ट आईने सांगितली. आता आईची गोष्ट मी सांगू का?’ स्वतः कुबडी घेऊन चालणाऱ्या मला हे कळायला हवं होतं. एक अपंगत्व असलं म्हणून दुसऱ्याचं कळतंच असं नाही. त्यानंतर सांकेतिक भाषेचा दुभाषी घेतल्याशिवाय मी अशा भेटीला जात नाही. त्याचं मानधन तुमच्या खर्चात आधीच धरा. आणि दुभाषी असला तरी बघायचं त्या माणसाकडे. त्याच्या तोंडावर आणि तुमच्याही तोंडावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा काळोखात जातो.

होकार कसा घ्यायचा

‘काढू का फोटो?’ ‘काढा.’ याला होकार म्हणत नाहीत. फोटो काढायला हो, प्रदर्शनात लावायला हो, पण इंटरनेटवर नको, असं असू शकतं. देणगीच्या पत्रकावर तर मुळीच नको, असंही असू शकतं. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी विचारा. मी वापरते तो मजकूर असा :

‘दिनांक … रोजी … यांनी माझे फोटो काढले आणि माझं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. हा कागद मी स्वतः वाचला / मला वाचून दाखवला / सांकेतिक भाषेत समजावला. प्रदर्शनात वापर : हो / नाही. वर्तमानपत्र, मासिक : हो / नाही. इंटरनेट : हो / नाही. देणगी गोळा करण्यासाठी : हो / नाही. माझं खरं नाव : हो / नाही. मजकूर प्रसिद्ध करण्याआधी मला दाखवला जाईल. माझं मन बदललं तर मी … या क्रमांकावर कळवीन आणि त्यानंतर नवीन वापर होणार नाही.’

अंध व्यक्तीला हाच मजकूर युनिकोडमध्ये आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे ती फोनवर स्वतः ऐकू शकते. कागदाचा फोटो पाठवू नका, तो फोनला नीट वाचता येईलच असं नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पालकांची सही लागेल, पण तिचा स्वतःचा होकारही हवा. आधी दुसरे छापलेले फोटो दाखवून ‘तुझाही असा भिंतीवर लागेल, अनोळखी लोक बघतील’ असं सांगा आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा. दोन्ही वेळा हो आलं तरच पुढे जा. मान वळवली, कॅमेरा ढकलला, तर तो नकार आहे. आईबाबा कितीही आग्रह करोत.

आणि खरं तेच सांगा : इंटरनेटवर गेलेला फोटो पूर्णपणे परत घेता येत नाही. घराचा पत्ता कळेल असं काही चौकटीत येऊ देऊ नका, फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद करा. अपंग स्त्री एकटी राहत असेल तर हे दुप्पट पाळा.

तुमच्या फोटोतून तुम्हाला पैसे किंवा बक्षीस मिळणार असेल तर त्याचं काय करायचं, हे याच बैठकीत बोला. नंतर बोलणं जड जातं.

फोटो काढताना

कॅमेरा कुठला, हे मला फार विचारतात. हातातला फोन पुरतो.

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर असतात. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो, जमिनीवर लोळून वर रोखला की त्याचा पुतळा होतो. फोनची रुंद लेन्स जवळून वापरली तर पुढचं चाक थाळीएवढं आणि चेहरा लिंबाएवढा येतो. दोन पावलं मागे जा.

काळे-पांढरे फोटो, पावसाळी खिडकी, पाठीमागून उजेड, एकटी आकृती. हे सगळं एकत्र आलं की थांबा आणि स्वतःला विचारा, बहिणीचा फोटो असा काढला असता का? आमच्या आयुष्यात रंग असतात. पुण्यात साइडव्हील लावलेल्या स्कूटरींवर कितीतरी जणी कामाला जातात, ओढणी डोक्याला गुंडाळून, पुढे डब्याची पिशवी. सिग्नलला त्या शेजारच्या रिक्षावाल्याशी हुज्जत घालतात. तो फोटो काढा. माणसं कामात, गर्दीत, प्रेमात, भांडणात असू देत.

कुबडी, काठी, कॅलिपर चौकटीत घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याला विचारा. मला माझी कुबडी फोटोत हवी असते, कारण तिचा हॅन्डल मी स्वतः निवडलाय. माझ्या मैत्रिणीला तिचा कृत्रिम पाय दिसलेला आवडत नाही. दोघींचंही बरोबर.

काही बारकावे. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचे दोन्ही हात आणि चेहरा एकाच चौकटीत हवेत. हात कापणं म्हणजे वाक्य मध्येच तोडणं. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० किंवा त्याहून जलद ठेवा, नाहीतर बोटं पुसट होतात. सेरेब्रल पाल्सीमुळे हात हलत असतील तर हालचाल गोठवायची की दिसू द्यायची, ते विचारा. एका काकांनी मला मुद्दाम पुसट हात ठेवायला सांगितलं होतं, ‘हे असंच असतं ना माझं.’ स्वमग्न मुलांना क्लिकचा आवाज आणि फ्लॅश असह्य होऊ शकतो, तेव्हा दोन्ही बंद. अंध व्यक्तीबरोबर नेमकं उलटं, आवाज चालू ठेवा, म्हणजे फोटो निघाल्याचं तिला कळतं. मिरगीचा त्रास असेल तर फ्लॅश नकोच. आणि अंध माणसाला ‘इकडे बघा’ म्हणून कॅमेऱ्याकडे डोळे करायला लावू नका. कान तुमच्याकडे असला की तो तुमच्याकडेच बघतोय.

आता सर्वांत मोलाचं. पदपथावरच्या लोखंडी खांबांपाशी एक जण व्हीलचेअर घेऊन अडकला आहे. नवखा फोटोग्राफर त्याच्या चेहऱ्यावरची हताशा टिपतो. तुम्ही कॅमेरा थोडा वळवा, ते खांब, त्यांच्यामधलं अंतर, पलीकडे मोकळा पदपथ आणि खुर्चीचं चाक घ्या. आता फोटो बघणाऱ्याला प्रश्न पडतो, हे खांब असे कोणी रोवले? संस्कृतमध्ये पांगळ्याकडून पर्वत ओलांडवून घेणाऱ्या कृपेची स्तुती आहे. आम्हाला पर्वत ओलांडायचा नाहीये, आम्हाला बँकेत जायचंय. अपंगत्व शरीरात किती आणि रस्त्यात किती, या विषयावर १९७० च्या दशकापासून इंग्लंडमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी पुष्कळ लिहिलं. तेच तुम्हाला एका चौकटीत दाखवता येतं.

कॅमेरा त्यांच्या हातात द्या

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ पासून अंध व्यक्तींना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये राहणारे स्लोव्हेनियन एवगेन बाव्चार तर पूर्ण अंध असून नावाजलेले फोटोग्राफर आहेत. अंध माणूस आवाजाच्या, उन्हाच्या उबेच्या आणि हाताने मोजलेल्या अंतराच्या आधारे फोटो रचतो. आयफोनमधलं व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, तर चौकटीत किती चेहरे आहेत आणि ते कुठे आहेत, हेही बोलून सांगतं. तेव्हा प्रोजेक्टमधले निम्मे फोटो तरी त्या व्यक्तीनेच काढलेले असू द्या. मंडईत बसलेल्या माणसाच्या उंचीवरून काय दिसतं? भाज्यांचे ढीग नाही दिसत, लोकांच्या पिशव्यांचे तळ दिसतात. हा फोटो तुम्हाला स्वतःहून सुचला नसता.

निवडही त्यांनाच करू द्या. दहा छोट्या प्रती छापून टेबलावर पसरा. ज्याला दिसत नाही त्याला एकेक फोटो शब्दांत सांगा आणि कुठल्या वर्णनाला तो हसतो किंवा गप्प होतो, ते ऐका.

स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी

हे आता माझ्यासारख्यांसाठी. जन्मापासून किंवा अपघातापासून सुरू करू नका. कालपासून करा. काल काय खाल्लं, कोणाशी बोललात, कशाचा वैताग आला. अपघात येईल तेव्हा येईल. डॉक्टरांची फाइल वाचकाला दाखवायलाच हवी असा काही नियम नाही. ‘हे सांगणार नाही’ अशी यादी लिहायला बसण्याआधी करा, तिच्यामुळे लिहिताना हात मोकळा राहतो. लिहिणं जमत नसेल तर फोनवर बोलून मराठी टंकन होतं, किंवा रोज पाच मिनिटं नुसतं ध्वनिमुद्रण करा आणि आठवड्याने ऐका. आपल्या बोलीतच बोला. पुस्तकी मराठीत सांगितलेली गोष्ट कोणा भलत्याचीच वाटते.

राग आला असेल तर रागाने लिहा. मलाही कोणीतरी ‘सकारात्मक लिही’ म्हणून सांगायचं. त्या काळातलं माझं काहीही वाचवत नाही.

शब्द आणि ओळी

फोटोखालची ओळ फोटोइतकीच बोलते. ‘व्हीलचेअरला खिळलेली’ असं लिहू नका. खुर्ची खिळवत नाही, घराबाहेर नेते. ‘अंधत्वाने ग्रासलेला’, ‘नियतीचा बळी’ हेही नको. दृश्य माध्यमांतल्या चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात याच गोष्टी सांगितल्या आहेत : पीडित, ग्रस्त अशी भाषा टाळावी, ठोकळेबाज चित्रं रंगवू नयेत, ज्यांच्याबद्दल आहे त्यांना सोबत घ्यावं. आणि अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते.

मूकबधिर म्हणू नका, कर्णबधिर म्हणा. त्यांना भाषा आहे. मतिमंद नको, बौद्धिक अक्षमता म्हणा. ‘नॉर्मल मुलांसारखाच’ हेही नको. दिव्यांग की अपंग? डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवल्यावर तो सरकारी झाला. पुण्यातलं राज्याचं अपंग कल्याण आयुक्तालयही आता दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. काहींना तो मानाचा वाटतो. मला नाही वाटत, माझ्या पायात दिव्य काही नाही, म्हणून मी अपंग लिहिते. तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिता त्याला विचारा आणि तोच शब्द वापरा. आपल्या म्हणींकडेही जरा लक्ष असू द्या. आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं, वासरांत लंगडी गाय शहाणी, लंगडी सबब, आंधळा कारभार. अंध मित्राच्या गोष्टीत ‘डोळस निर्णय’ लिहून गेलात तर तो वाचेल तेव्हा काय वाटेल, याचा विचार करा.

फोटोचं वर्णनही लिहा, दृष्टिहीन वाचकाच्या फोनला फोटो नीट सांगता येईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी पर्यायी मजकुराचा रकाना असतो, तो भरा. ‘प्रेरणादायी महिला’ हे वर्णन नव्हे. असं लिहा : ‘पन्नाशीची बाई शिलाई मशिनवर वाकली आहे. उजव्या हाताने चाक फिरवते आहे, कुबडी मशिनला टेकवलेली. मागे हिरव्या ब्लाउजांचा ढीग.’ जे दिसतं ते लिहा, दोन-तीन वाक्यांत. व्हिडिओ असेल तर मराठी उपशीर्षकं द्या.

प्रदर्शन लावायचं झालं तर

बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन घ्या नाहीतर सोसायटीचा हॉल, आधी दार बघा. रॅम्पचं माप सोपं आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सात इंचांच्या एका पायरीला सात फूट. घसरगुंडीसारखी फळी टाकून ‘रॅम्प केलाय’ म्हणू नका. फोटोंचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवला तर बसलेल्यालाही दिसतं, उभ्यालाही. खुर्ची वळायला पाच फूट जागा सोडा. उद्घाटनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार नको. ज्यांचे फोटो आहेत त्यांना बोलू द्या, तेही माईक त्यांच्या उंचीवर आणून.

पण प्रदर्शनाच्या आधी एक काम करायचं. छापलेली पहिली प्रत त्या माणसाच्या घरी स्वतः घेऊन जायची. पाकिटात घालून पाठवायची नाही. तो फोटो भिंतीवर लावतो की ड्रॉवरमध्ये ठेवतो, ते बघायचं. ड्रॉवरमध्ये ठेवला तर काय आवडलं नाही हे विचारायचं आणि तो फोटो प्रदर्शनातून काढायचा, तुमचा कितीही लाडका असला तरी. प्रतीच्या मागे तारीख, जागा आणि तुमचं नाव लिहायचं. शाईने नको, शाई फुटते, पेन्सिलीने.

माझ्या ओट्यावरच्या फोटोमागे दादाने शिसपेन्सिलीने लिहिलंय : ‘मे १९८१, दुपार. चिंचोके हिनेच जिंकले, असं हिचं म्हणणं.’